करदोडा आणि काळजाचे तीन फोटो

हृदयाचा फोटो काढायला माणसं पुण्याला येतात. मी पुण्याहून जुन्नरला गेलो. ओळखीच्यांनी याला वेडेपणा म्हटलं, आणि परत आल्यावर ‘काय पाहिलं?’ असंही त्यांनीच विचारलं. शिवनेरी लांबून पाहिला, लेण्याद्रीला गेलो नाही. त्याऐवजी दाजींच्या काळजाची एक भिंत जवळून पाहिली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तळेघरजवळच्या एका वाडीत त्यांचं भाताचं आणि नाचणीचं रान आहे. उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. पित्त असेल म्हणून त्यांनी दोन दिवस जिरं चघळलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना जीपमध्ये घालून खाली आणावं लागलं. तो हृदयविकाराचा झटका होता. तीन वाहिन्या तुंबल्या होत्या. एका डॉक्टरांनी बायपास करा म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, थांबा, ज्या स्नायूला रक्त पोचवायला छाती उघडायची तो जिवंत आहे का ते आधी पाहू. तो मेला असेल तर एवढ्या चिरफाडीतून हाती काही लागणार नाही, धोका मात्र पुरा. दाजींनी हे ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “जिता आसंल तर बगू. मेला आसंल तर मला हिथंच राहू द्या. भात काढीन न्हाईतर जाईन.”

एवढ्यासाठी हा प्रवास.

मंचर

मंचरला मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे तिथे मला पाहण्यासारखं काही दिसत नाही. कांद्याचे ट्रक हायवेवर आडवे लागलेले होते आणि मागच्यांचे हॉर्न चालू होते, इतकंच. चौकात मात्र एका फ्लेक्सने मला थांबवलं. जुन्नरजवळच्या एका खासगी रुग्णालयात नवीन एमआरआय मशीन आल्याची ती वर्दी होती. उद्घाटकांचे चेहरे परातीएवढे, त्यांच्या पुत्रांचे ताटाएवढे, शुभेच्छुकांचे वाटीएवढे. मशीन खालच्या कोपऱ्यात होतं, बत्ताशाएवढं. आम्हाला जायचं होतं ते याच मशीनकडे.

जाण्याआधी मी बरंच वाचून काढलं होतं. आयुष्यभर शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासल्यामुळे मला न कळणारंही शेवटपर्यंत वाचण्याची सवय आहे. त्यातलं एक मला फार नवलाचं वाटलं. हृदयाचा एखादा भाग हलत नाही, एवढ्यावरून तो मेला असं म्हणता येत नाही. रक्त कमी मिळू लागलं की काही स्नायू काम बंद करतात आणि फक्त तग धरून राहतात. रक्त परत मिळालं तर ते पुन्हा हलूही लागतात. म्हणजे वरून दोघे सारखेच दिसणार, मेलेलाही आणि तग धरलेलाही. त्यांच्यात फरक कसा करायचा, यावर डॉक्टरांच्या अनेक पिढ्या झगडल्या आहेत आणि अजून त्यांचं एकमत नाही. हे वाचून मला बरं वाटलं. एकमत झालेल्या माणसांची मला जरा भीतीच वाटते.

दाजींचे दोन फोटो झाले होते. पहिला एकोचा. त्यात आवाजाच्या लहरी पाठवून हृदयाची हालचाल पाहतात. एकोवाले म्हणाले, पुढची भिंत पातळ झालीय, हलत नाही, वण दिसतोय. दुसरा पुण्यातला, थॅलियमचा. त्यात किंचित किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात. जिवंत पेशी ते ओढून घेतात आणि फोटोत उजळतात. थॅलियमवाले म्हणाले, काही भाग उजळतोय, काही धूसर आहे, अगदीच गेलेलं वाटत नाही. थोडक्यात, एकाने तेराव्याची तयारी करायला सांगितलं आणि दुसऱ्याने थांबा म्हटलं. तिसरीही एक तपासणी असते, साखर देऊन काढायची. उपाशी पडलेला जिवंत स्नायू साखर खातो, मेलेला खात नाही. पण दाजींना मधुमेह. त्यात फोटो नीट येईलच असं नाही, असं ते दुसरे डॉक्टर म्हणाले. त्यावर दाजींचं म्हणणं, “मला शुगर हाय म्हनून तपासनी न्हाई, आन् तपासनीला शुगरच पायजे. काय सरकारी कारभार हाय का राव?”

आहुपे

तपासणीला एक दिवस अवकाश होता, म्हणून डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेने आधी आहुप्याला गेलो. पाणी काठोकाठ होतं. रस्ता पाण्याला चिकटून जातो, मग त्याला सोडून वर चढतो, आणि शेवटी कोकणकड्याच्या तोंडाशी येऊन संपतो. दसरा नुकताच झाला होता. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं पडू लागलं होतं आणि नाचणीच्या बोंडांच्या मुठी वळल्या होत्या.

तिथल्या देवराईत कोणी काडीही तोडत नाही, हे मी ऐकून होतो. आत शिरल्यावर एक उंच झाड पाहिलं. एक पान नाही, साल सुटलेली. शेजारच्या पायवाटेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. मी विचारलं, “हे वाळलंय ना?”

“दिसतंय की तसं.”

“मग तोडत का नाही?”

“द्येवाचं हाय. वाळलं का न्हाई ते त्यानं बगावं,” असं म्हणून त्या न थांबता निघून गेल्या.

मला लगेच दाजींना सांगायची एक सुरेख उपमा सुचली. परतीच्या सगळ्या वळणांवर मी ती घासूनपुसून ठेवली.

तळेघर

अक्काचं घर उतारावर आहे. मागे भात, पुढे नाचणी, आणि बाजूला हिरड्याची झाडं. दाजी ओट्यावर बसले होते. पूर्वी या माणसाच्या खांद्यावर भाताचा भारा असे आणि तरीही तो माझ्यापुढे चाले. आता कुडत्यात नुसती हवा भरल्यासारखे दिसत होते.

“या पावणं,” दाजी म्हणाले. “न्यायला आलाव का पोचवायला?”

अक्काने तांब्या आणून आपटला. “त्वांडात चांगलं काय येतंय का बगा.”

जेवायला नाचणीची भाकरी आणि उडदाचं घुटं होतं. आमच्या मंचरच्या घरी घुटं होतच नसे. अक्का इथे आल्यावर ते शिकली आणि आता तिच्याइतकं चांगलं कोणाला जमत नाही, असं दाजींचं मत. मात्र दाजींच्या वाटीत मीठ नव्हतं. ते माझ्या वाटीकडे ज्या नजरेने पाहत होते ती पाहून मीही थोडंच खाल्लं.

जेवणानंतर मी माझी उपमा काढली. देवराईतलं झाड, वरून वाळलेलं, आत कदाचित ओल असेल, नखाने खरवडलं तर हिरवं दिसेल, वगैरे. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“झाडाला बायपास कोन करतंय?” ते म्हणाले.

“तसं नाही दाजी, मी म्हणतोय की…”

“आन् झाडाला पोरगी लगनाची न्हाई. उगं काय बी. त्यापरीस त्या मशिनीत काय काय करत्यात ते सांगा.”

मग मी माहीत होतं ते सांगितलं. एका बोगद्यात झोपवतात. लोहचुंबक असतं, मोठा आवाज होतो. शिरेतून एक औषध देतात. ते जिवंत स्नायूतून लवकर निघून जातं आणि वण असेल तिथे रेंगाळतं. त्यामुळे मेलेला भाग पांढरा दिसतो, जिवंत काळा. शिवाय वण भिंतीच्या किती जाडीत शिरलाय तेही कळतं. वण वरवरचा असेल तर स्नायू सुधारायची आशा, आरपार असेल तर फारशी नाही.

“चहा चालंल का?” दाजींनी विचारलं. थॅलियमच्या वेळी त्यांना आदल्या दिवसापासून चहा बंद होता. झटका, आयसीयू, सुया हे सगळं ते विसरले होते, पण त्या दिवसाचा राग त्यांच्या मनात ताजा होता. शिवाय तो दिवस नेमका बैलपोळ्याचा होता. घरचे बैल कधीच विकले आहेत, पण पोळा तो पोळा.

“आदल्या दिवशी चालेल. त्या दिवशी काही तास पोट रिकामं हवं.”

“मंग ठीक हाय,” दाजी म्हणाले, आणि अक्काला चहा टाकायला सांगितलं.

जुन्नर

घोडेगावावरून जुन्नरला गेलो. रुग्णालय गावाबाहेर, शेवंतीच्या मळ्यांना लागून होतं. दारावर दसऱ्याचं तोरण सुकलेलं, आत संगमरवरी पाटी, आणि पाटीवर फ्लेक्सवरचीच नावं, या वेळी कायमची. एमआरआयच्या खोलीबाहेर झेंडूची माळ लटकत होती. पूजेचं स्टीलचं ताट आत नेता येत नाही म्हणून पूजा दारालाच केली, असं रिजवानने सांगितलं.

रिजवान म्हणजे ते मशीन चालवणारा तरुण, जुन्नरचाच. त्याच्या पूर्वजांचा हाताने कागद बनवण्याचा धंदा होता. “आता आमी बी फोटोच छापतो, कागद लागत न्हाई,” तो म्हणाला. उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांना मशीनच्या तोंडाशीच फीत कापायची होती, हातात भलीमोठी लोखंडी कात्री घेऊन. रिजवान दारात आडवा उभा राहिला. शेवटी फीत बाहेरच्या बोळात कापली आणि टाळ्याही तिथेच झाल्या. “कात्री आत गेली आसती ना काका, तर साहेब बी तिच्या मागं गेलं आसतं.”

त्याने दाजींना नेहमीचे प्रश्न विचारले. घड्याळ? अंगठी? कवळी? छातीत कधी काही बसवलंय? मग त्याच सुरात विचारलं, “बाबा, करदोड्याला काय हाय?”

हे आमच्या भागातल्या मशीनवाल्यालाच सुचणार. कमरेचा काळा गोफ इथे अजून पुष्कळ पुरुषांच्या अंगावर असतो. नुसता सुती असेल तर रिजवान काही बोलत नाही. पण दाजींच्या करदोड्याला काटा काढायचा लोखंडी चिमटा होता आणि एक ताईत. चिमटा निघाला. ताईत दाजींच्या आईने दिलेला, गोफातच गुंफून गाठी मारलेला. दर पोळ्याला नव्या गोफात तो तसाच गुंफला जातो. आत काय आहे कोणाला ठाऊक नाही आणि गाठ सुटेना.

“कापावा लागंल,” रिजवान म्हणाला.

अक्का बाकावरून उठली. “कातर आनू नगा हितं. जित्या मानसाचा करदोडा कापत्यात व्हय? सरनावर कापत्यात तो.”

मला हे माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. दाजींकडे पाहिलं. ते खाली बघत होते. सकाळपासून चेष्टा करणारा माणूस गप्प झाला होता. ज्या तपासणीने त्यांचं काळीज जिवंत आहे का ते ठरणार होतं, तिच्या दारातच त्यांना मेलेल्याचा विधी सांगितला जात होता.

तेवढ्यात टाय लावलेले एक व्यवस्थापक आले. “आजी, आता आपण चंद्रावर पोचलोय. ही अंधश्रद्धा सोडायला हवी,” ते म्हणाले. त्यांच्या मनगटावर लाल, पिवळे आणि काळे असे तीन दोरे होते. अक्काने त्या दोऱ्यांकडे नुसतं बघितलं. व्यवस्थापकांना कुठूनतरी फोन आला आणि ते गेले.

“मग घरी जायचं का?” मी विचारलं.

“घरी कशाला?” अक्का माझ्यावर डाफरली. “आदी नवा बांदायचा, मंग जुना काडायचा. दर पोळ्याला आसंच करत्यात. आंग मोकळं न्हाई ऱ्हायलं पायजे. औंदा ह्ये पुन्यात व्हते, त्यो बदलायचाच राहिला. जा, बाजारातनं आन जा.”

रिजवानचा चेहरा उजळला. “माझ्या मामूंचं दुकान हाय, अत्तारांचं. सांगा रिजवाननं धाडलंय.”

अत्तारांचं दुकान बाजारपेठेतल्या एका अरुंद गल्लीत होतं. कुंकू, बांगड्या, नाडे, लग्नाच्या मुंडावळ्या आणि बैलांचे गोंडे, सगळं एकत्र लटकत होतं. अत्तार चाचा पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर. मी घाईत होतो, आणि मेव्हण्याने दाजींना काही द्यायचं तर चांगलं द्यावं अशाही विचारात होतो. त्यामुळे सगळ्यात झोकदार करदोडा उचलला, काळ्या गोफात जरीचा धागा विणलेला. रिजवानचं नाव सांगायचं राहूनच गेलं.

रिजवानने तो हातात घेऊन उलटसुलट केला. “काका, ह्यात जर हाय. धातूचा धागा. आत तापला तर बाबांना चटका बसंल.”

“पुन्यात ऱ्हातो ना,” दाजी म्हणाले. “जर लागतीच.” त्यांचा आवाज परत आला म्हणून मी अपमान गिळला.

आमचा नंबर दुपारनंतर ढकलला गेला. मी पुन्हा गल्लीत गेलो. या वेळी रिजवानचं नाव सांगितल्यावर चाचा हसू लागले. “मशिनीसाठी व्हय? आधी सांगायचं ना राव! त्याचं बिऱ्हाड येगळं ठेवलंय.” त्यांनी गल्ल्याखालून एक डबा काढला. त्यात साधे सुती करदोडे होते, ना मणी ना घुंगरू. “मशीन आल्यापासून ह्योच माल जास्त खपतोय. कोन हाय तुमचं?”

“बहिणीचे यजमान.”

“देव बरं करील,” ते म्हणाले, आणि गाठ कशी घालायची तेही मला दाखवलं, जणू ते मी करणार होतो.

दाजी उपाशी असल्याने ते रिजवानजवळ बसले आणि मी अक्काला एका खाणावळीत नेलं. तिथे मासवडी होती. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, कापली की माशाच्या तुकड्यासारखी दिसते, आणि मासा कुठेच नाही. आमच्या घरी अक्काच करायची. आज तिने एक वडी मोडली, कडेला ठेवली, आणि म्हणाली, “समदं पांढरंच निगालं तर?”

मी रस्सा पुढे सरकवला.

दुपारी पडद्याआड अक्काने नवा करदोडा दाजींच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि मगच जुना स्वतःच्या हाताने कापला. कापलेला गोफ ताईतासकट तिने आपल्या कमरेला खोचला. मग दाजी आत गेले.

काचेतून मी पाहत होतो. रिजवान ध्वनिक्षेपकावर म्हणे, “बाबा, श्वास घ्या. सोडा. आता धरा.” आणि स्वतःही धरून बसे. का, असं मी विचारल्यावर म्हणाला, “मला गुदमरलं की समजतं, बाबांना बी गुदमरत आसंल.” काळजाला थांब म्हणता येत नाही, म्हणून निदान छाती स्थिर हवी. आवाज दगड फोडल्यासारखा येत होता. मध्येच शिरेतून औषध गेलं, मग थोडी वाट, मग पुन्हा फोटो.

आठवड्यातून एकदा पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. काळ्या पार्श्वभूमीवर एक कडं दिसत होतं. ते दाजींचं काळीज, आडवं कापल्यासारखं. टोकाकडे एक पांढरा तुकडा, भिंतीच्या आरपार. अक्काने माझा हात धरला. डॉक्टरांनी चित्रं एकेक करून पुढे सरकवली. बाकीच्या कड्याला आतून नुसती पांढरी किनार होती, पातळ, आणि तिच्याबाहेर जाडसर काळं.

“पांढरं ते गेलं,” त्या म्हणाल्या. “हे टोक गेलंय. पण एवढं सगळं काळं जिवंत आहे. हलत नाही, पण आहे.”

“मंग लई काळं हाय की!” अक्का जवळजवळ ओरडली.

“लगनात तुझ्या बापानं पोरगा काळा म्हनून नाक मुरडलं व्हतं,” दाजी म्हणाले. “आज बरी खूश झालीस.”

मी विचारलं, मग एको चुकला का? डॉक्टर म्हणाल्या, चुकला नाही. टोकापाशी भिंत पातळ आहे आणि ती मेली आहे, हे त्याने बरोबरच सांगितलं. न हलणारं बाकीचं तग धरून आहे हे त्याला नुसतं बघून कळलं नाही. त्यासाठी औषधाचा हलका डोस देऊन पुन्हा पाहावं लागतं, ते कोणी केलं नव्हतं. थॅलियमने जीव ओळखला, पण पातळ वण त्याला वेगळा दिसत नाही. “आणि यातल्या कोणत्याही फोटोवरून बायपासनंतर बरं वाटेलच अशी हमी मी देणार नाही. त्यावर आमच्यातच वाद आहेत. एवढंच सांगते, रक्त पोचवायला जिवंत जागा आहे. ठरवायचं तुम्ही.”

या सबंध प्रवासात कोणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. बाईंचा चेहरा फ्लेक्सवर नव्हता.

परतीच्या वाटेवर दाजींनी खिडकीची काच खाली केली आणि घोडेगावापर्यंत बाहेरची शेतं बघत राहिले. मी न राहवून विचारलं, “काय ठरवलंत?”

“भात काढू द्या आदी.”

अक्काने कमरेचा जुना गोफ चाचपला.

पुणे

घरी येऊन मी पुष्कळ दिवस फोनकडे लक्ष ठेवून होतो. वाडीत नेटवर्क घरात नसतं, वरच्या बांधावर असतं, त्यामुळे दाजींचा फोन आला की मागे वारा ऐकू येतो. तसा एका संध्याकाळी आला. भात निघालं होतं, नाचणीही निघाली होती, आणि शेजाऱ्याने पेंढा कसा चुकीचा रचला हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मी हो हो करत होतो.

“पावणं,” मग ते म्हणाले, “जुन्नरला कवा जानार हायसा?”

“का?”

“त्या अत्ताराकडचा साधा करदोडा आना. सुती. जर नगो.”

“आहे की तुमच्या कमरेला.”

“त्यो चिकट झालाय, भात झोडपून. ऑपरेशनला नवा पायजे. तितं बी कापाय बसतील, आन् तुमची भईन काय गप ऱ्हानार न्हाई.” मग वाऱ्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले, “दोन आना. दुसरा पोळ्याला लागंल.”